लक्षणांवांचून आलेले रोगी
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या प्रसंगीं मागील वर्षांचा हिशेब घेण्याची चाल आहे. किती बाप्तिस्मे झाले, किती लग्नें लागलीं, शाळेंतून किती मुलें शिकून बाहेर पडलीं, ही हकीकत आमच्या आधीं बोललेल्या सद्गृहस्थांनीं सांगितलीच आहे. त्या हिशेबांत २०२० व २०२१ या दोन वर्षांचें पान निराळें आहे. त्या काळांत कित्येक महिने देवळाचीं दारें लागलेलीं होतीं, मिस्सा घरीं बसून पडद्यावर पाहावी लागे, आणि मृतांस मूठमाती देण्यास मोजक्या माणसांपलीकडे कोणास जातां येत नसे. तें पान उलटून पुढें जाण्याची घाई सर्वांस आहे, व ती स्वाभाविकहि आहे. परंतु त्या साथीनें एक गोष्ट शिकविली आहे. ती विसरली तर पुढील साथीच्या वेळीं तीच किंमत पुनः द्यावी लागेल, म्हणून आज आम्ही तिच्याविषयींच बोलणार आहों.

ती गोष्ट अशी. करोनाचा विषाणु अंगांत शिरला आहे असें तपासणीनें ठरलें, पण ताप नाहीं, खोकला नाहीं, अन्नावरची वासना गेलेली नाहीं, अशा माणसास इस्पितळांत नेऊन ठेविलें तर पुढें त्याचें काय होतें? त्या दिवसांत या प्रश्नाचीं दोन उत्तरें घरोघर ऐकूं येत. कोणी म्हणे, "धडधाकट माणसास उगीच कोंडून ठेविलें आहे, त्याला कांहींएक झालेलें नाहीं." कोणी म्हणे, "नेला म्हणजे गेलाच." हीं दोन्ही उत्तरें खोटीं होतीं. खरें उत्तर रोग्यांच्या खाटांपाशीं दिवस मोजणाऱ्या डॉक्टरांनीं व परिचारिकांनीं टिपून ठेविलें आहे, आणि तेंच आम्ही आपणांपुढें मांडूं इच्छितों.

प्रथम दोन शब्दांचा खुलासा केला पाहिजे. ज्याच्या अंगांत विषाणु शिरला, वाढला व निघून गेला, तरी ज्याला आरंभापासून शेवटपर्यंत कसलाच त्रास झाला नाहीं, तो लक्षणरहित रोगी. ज्याला तपासणीच्या दिवशीं त्रास नव्हता, पण चारसहा दिवसांनीं झाला, तो लक्षणपूर्व स्थितींतला रोगी. तपासणीच्या दिवशीं हे दोघे शेजारशेजारच्या खाटांवर बसलेले असतील, तर त्यांच्यांत वरून कांहींच फरक दिसणार नाहीं. दोघेहि हंसत असतील, दोघेहि घरीं जाऊं द्या म्हणून सांगत असतील. त्यांची निवड करणारा परीक्षक एकच, आणि तो म्हणजे जाणारा दिवस. आमच्या आजच्या सर्व भाषणाचें सार एवढेंच आहे.

आतां दाखला घेऊं. 'डायमंड प्रिन्सेस' नांवाचें प्रवासी जहाज २० जानेवारी २०२० रोजीं जपानांतील योकोहामा बंदरांतून निघालें. त्यावरील एक प्रवासी २५ जानेवारीस हाँगकाँग येथें उतरला, व १ फेब्रुवारीस त्याला करोनाची लागण झाल्याचें ठरलें. जहाज ३ फेब्रुवारीस योकोहामास परत आलें. त्यावर ३,७११ माणसें होतीं. त्यांपैकीं २,६६६ प्रवासी व १,०४५ खलाशी व नोकरचाकर. ५ फेब्रुवारीपासून प्रवाशांस आपआपल्या खोल्यांत चौदा दिवस राहण्याचा हुकूम झाला. शेवटीं ७१२ जणांस लागण झाल्याचें निष्पन्न झालें, व त्यांपैकीं दहांहून अधिक माणसें दगावलीं.

या जहाजाची आठवण आपल्याकडील लोकांस विशेष असण्याचें कारण आहे. त्यावर १३८ हिंदी लोक होते, आणि त्यांपैकीं १३२ हे नोकरींत होते. गोव्यांतून व मुंबईकडून दर्यावर जाणाऱ्या माणसांचीं घरें आपल्यांतहि आहेत. तेव्हां बंदरांत अडकलेल्या मुलाच्या आईबापांची स्थिति काय असते, हें येथें सांगण्याची गरज नाहीं. सोळा हिंदी लोकांस लागण झाली व त्यांच्यावर जपानांतच उपचार झाले. ११९ जणांस २७ फेब्रुवारीस विमानानें दिल्लीस आणून मानेसर येथें वेगळें ठेवण्यांत आलें.

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनें या जहाजाचें महत्त्व असें कीं, तेथें आजारी नसलेल्यांचीहि तपासणी झाली. एरव्हीं डॉक्टराकडे जो येतो तो कांहींतरी दुखतें म्हणून येतो. ज्याचें कांहीं दुखत नाहीं त्याची कोणाकडे नोंदच राहत नाहीं. जहाजावर मात्र २० फेब्रुवारीपर्यंत ३,०६३ तपासण्या झाल्या. त्यांत ६३४ जणांस लागण असल्याचें दिसलें, आणि त्यांपैकीं ३२८ जणांस, म्हणजे निम्म्याहून कांहीं अधिक माणसांस, तपासणीच्या वेळीं कसलेंच लक्षण नव्हतें. तपासणी झाली नसती तर हीं ३२८ माणसें आपणांस निरोगी समजलीं असतीं, आणि जगानेंहि त्यांस निरोगीच समजलें असतें.

यांपैकीं पुष्कळ माणसें जपानांतील इस्पितळांत गेलीं. आयची प्रांतांतील ओकाझाकी गांवीं एका वैद्यकीय विद्यापीठाचें नवें इस्पितळ नुकतेंच बांधून झालें होतें. तें रोग्यांसाठीं अद्याप उघडलेंहि नव्हतें. तेथें लक्षणें नसलेल्या १२८ माणसांस ठेविलें. त्यांत ९६ जणांची तपासणी जहाजावरच लागण दाखवीत होती. बाकीचे ३२ त्यांच्याच खोलींत राहणारे सोबती असून त्यांच्या तपासणींत लागण दिसली नव्हती. पुढें काय घडलें? त्या ९६ पैकीं ११ जणांस लक्षणें झालीं. तीं पहिल्या तपासणीपासून सरासरीनें चौथ्या दिवशीं, लवकरांत लवकर तिसऱ्या व उशिरांत उशिरा सातव्या दिवशीं. ३२ सोबत्यांपैकीं आठांस इस्पितळांत आल्यापासून तीन दिवसांच्या आंत लागण दिसून आली, पण त्यांस लक्षणें झालीं नाहींत. जे शेवटपर्यंत लक्षणरहित राहिले, त्यांच्यापैकीं नव्वद जणांची हकीकत बारकाईनें तपासली गेली. विषाणूची खूण तपासणींतून नाहींशी होण्यास मध्यम मानानें नऊ दिवस लागले. कोणास तीनच, तर कोणास एकवीस. आठव्या दिवसापर्यंत शेंकडा ४८ व पंधराव्या दिवसापर्यंत शेंकडा ९० लोक मोकळे झाले. वय जितकें अधिक तितका मोकळें होण्यास उशीर, हेंहि तेथें दिसून आलें.

दुसरा दाखला तोकिओ येथील स्वसंरक्षण दलाच्या मध्यवर्ती इस्पितळाचा. याच जहाजावरील १०४ रोग्यांची हकीकत तेथील डॉक्टरांनीं प्रसिद्ध केली आहे. त्यांचें मध्यम वय ६८ होतें. दाखल होतांना ४३ जणांस कसलेंच लक्षण नव्हतें. त्यांतील १० जणांस पुढें लक्षणें झालीं व ३३ जण तसेच राहिले. म्हणजे ओकाझाकीस सुमारें नवांतला एक, तर येथें सुमारें चारांतला एक आजारी पडला.

याच इस्पितळांतील छातीच्या चित्रांनीं डॉक्टरांस अधिकच विचारांत पाडलें. तेथें ११२ रोग्यांच्या छातीचे सी. टी. स्कॅन तपासण्यांत आले. त्यांत लक्षणें नसलेले ८२ होते. आणि त्या ८२ पैकीं ४४ जणांच्या फुप्फुसांत रोगाच्या छाया दिसल्या. कांचेवर श्वास सोडल्यानें जसें धुकें जमतें, तशा त्या पुसट छाया असतात. म्हणजे निम्म्याहून अधिक माणसांच्या छातींत रोगाची खूण उमटली होती आणि त्या माणसांस तिची वार्ताहि नव्हती. "मला कांहीं होत नाहीं" असें तो रोगी खरेपणानेंच सांगतो. पण त्याचें शरीर त्याला सर्व गोष्टी कळवीत नाहीं. यावरून लक्षण नसलेल्या प्रत्येकानें स्कॅन काढून घ्यावा असें मात्र कोणी समजूं नये. अशा छाया पुष्कळदां आपोआप निवळतात, आणि त्या पाहून भीतीखेरीज हातीं कांहीं लागत नाहीं. रोग्याची देखरेख थांबवूं नये, एवढाच त्यांचा उपदेश आहे.

तिसरा दाखला अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत, किंग कौंटींतील वृद्ध व अपंग लोकांच्या एका शुश्रूषागृहाचा. मार्च २०२० मध्यें तेथील ७६ रहिवाशांची तपासणी झाली. ४८ जणांस लागण असून, त्यांपैकीं २७ जणांस त्या दिवशीं कांहींच त्रास नव्हता. या २७ पैकीं २४ जण पुढें आजारी पडले, व तेंहि मध्यम मानानें चारच दिवसांत. जहाजावरील लोकांशीं ताडून पाहिलें म्हणजे फरक ध्यानांत येतो. जहाजावरच्यांत तरुण खलाशी होते, आणि इस्पितळांत पोंचेपर्यंत त्यांचे कांहीं दिवस आधींच सुखरूप गेलेले होते. शुश्रूषागृहांतलीं माणसें वृद्ध व आधींच व्याधींनीं जर्जर झालेलीं होतीं, आणि साथ तेथें नुकतीच शिरली होती. त्या गृहांत एकंदर ५७ रहिवाशांस लागण झाली. त्यांतले १५ जण ३ एप्रिलपर्यंत मरण पावले.

त्या गृहांतील आणखी एक निरीक्षण सर्वांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. पुढें आजारी पडलेल्या त्या २४ पैकीं १७ जणांच्या नमुन्यांतून, त्यांस लक्षणें होण्याच्या आधींच, जिवंत विषाणु प्रयोगशाळेंत वाढवितां आला. ज्याला शिंकहि आली नाहीं तो दुसऱ्यास रोग देऊं शकतो, हें यावरून उघड झालें. तोंडास मुसकें कां बांधावयाचें, आणि बरें वाटत असतांना घराबाहेर कां पडावयाचें नाहीं, याचें उत्तर यांत आहे.

असें कां होतें, तें थोडक्यांत सांगतों. विषाणु प्रथम नाकांत व घशांत वाढतो. लक्षणें होण्यास लागणीपासून साधारणपणें पांचेक दिवस लागतात. आणि लक्षणें दिसण्याच्या एकदोन दिवस आधींपासूनच विषाणूचा जोर घशांत वाढलेला असतो. पुढें तो फुप्फुसांत उतरलाच, तर शरीराच्या संरक्षक शक्तीचा व त्याचा झगडा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस किंवा दुसऱ्या आठवड्यांत तीव्र होतो. म्हणून या रोगांत पहिले चार दिवस सुखाचे गेले तरी निश्चिंत होतां येत नाहीं. सातव्या-आठव्या दिवशीं रोग्यास अधिक जपावें लागतें.

येथें एक विलक्षण प्रकार घडतो. एरव्हीं रक्तांतील प्राणवायु कमी झाला म्हणजे माणूस धापा टाकील अशी आपली समजूत असते. परंतु धाप लागण्याची जाणीव मुख्यतः रक्तांत कार्बन डायऑक्साइड सांचल्यानें होते. या रोगाच्या आरंभीं कित्येकांचीं फुप्फुसें मऊच राहतात व तो वायु नीट बाहेर पडतो. इकडे प्राणवायु मात्र उतरत जातो. त्यामुळें रोगी बोलत असतो, चहा पीत असतो, आणि त्याच्या रक्तांतला प्राणवायु धोक्याच्या रेषेखालीं गेलेला असतो. जो प्रकार २०२० सालीं देशोदेशींच्या डॉक्टरांनीं आश्चर्यानें पाहिला, तो हाच.

डोळ्यांस न दिसणारी ही उतरण दाखविणारें एक लहानसें यंत्र मात्र होतें, आणि तें पुढें आपल्या घरोघर पोंचलें. ऑक्सिमीटर बोटास लावला कीं, तांबड्या व डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाच्या साह्यानें रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण तो सांगतो. या यंत्राच्या मुळाशीं असलेलें तत्त्व ताकुओ आओयागी या जपानी इंजिनिअरानें १९७४ सालीं शोधून काढिलें. तें यंत्र जगभर लाखों खाटांशेजारीं पहारा करीत असतांनाच, १८ एप्रिल २०२० रोजीं, हे गृहस्थ निवर्तले. त्यांचें नांव आपल्यांतील फारच थोड्यांस ठाऊक असेल. परंतु त्यांच्या बुद्धीचें ऋण आपल्यांतील पुष्कळ कुटुंबांवर आहे.

आपल्या महाराष्ट्रांत १५ सप्टेंबर २०२० पासून 'माझें कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली, तेव्हां आशाताई व इतर सेवक घरोघर जाऊन ताप व प्राणवायु मोजीत. त्यांच्यापैकीं पुष्कळांवर लोकांनीं दारें लावून घेतलीं. "आमच्या घरीं कोणी आजारी नाहीं," हें त्यांस मिळणारें नेहमींचें उत्तर. पण ती फेरी आजारी नसलेल्यांसाठींच होती, हें त्या दाराआडच्या माणसांस कोणी समजावून सांगितलें नव्हतें. उन्हापावसांत जिने चढणाऱ्या त्या भगिनींचे आभार या ज्युबिलीच्या दिवशीं मानले नाहींत, तर आमचें बोलणें अपुरें राहील.

पुढें सहा मिनिटें चालण्याची परीक्षाहि आपल्याकडे रूढ झाली. बोटावरचा आंकडा पाहावा, घरांतल्या घरांत सपाट जमिनीवर मध्यम चालीनें सहा मिनिटें चालावें, व पुनः आंकडा पाहावा. साठीपलीकडच्यांनीं तीनच मिनिटें चालावें. चालल्यानें आंकडा तीनांहून अधिक उतरला, किंवा चक्कर आली, दम लागला, तर डॉक्टरास गांठावें. बसल्या जागीं आंकडा ९४ किंवा त्याखालीं राहत असेल तर चालण्याच्या परीक्षेच्या भरीस पडूं नये, विलंब न लावतां इस्पितळ गांठावें. यंत्राच्याहि मर्यादा आहेत. थंड बोट, नखांवरचा रंग यांनीं तें फसतें, व सांवळ्या कातडीवर तें कधीं कधीं खऱ्यापेक्षां अधिक आंकडा दाखवितें. म्हणून एकाच आंकड्यावर न जातां सकाळ-संध्याकाळचे आंकडे लिहून ठेवावे आणि ते उतरत चालले आहेत काय, तें पाहावें.

औषधासंबंधीं एक गोष्ट आग्रहानें सांगणें आमचें कर्तव्य आहे. १६ जून २०२० रोजीं इंग्लंडांतील 'रिकव्हरी' नांवाच्या मोठ्या चाचणीचा निकाल जाहीर झाला. डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइड औषधानें, कृत्रिम श्वासयंत्रावर असलेल्या रोग्यांचे मृत्यु सुमारें एक-तृतीयांशानें व केवळ प्राणवायु लागणाऱ्यांचे सुमारें एक-पंचमांशानें कमी झाले. परंतु ज्यांस प्राणवायूची गरज नव्हती त्यांस त्याचा कांहीं लाभ झाला नाहीं. असें असतां २०२१ सालीं आपल्या देशांत कित्येकांनीं लक्षणें नसतांना, किंवा साध्या तापांतच, दुकानांतून आणून हें औषध घेतलें. त्यानें मधुमेह्यांची साखर भडकली. आणि भडकलेली साखर व भलत्या वेळीं घेतलेलें स्टेरॉइड यांच्या जोडीनें काळ्या बुरशीच्या भयंकर रोगास वाट मिळाली. लक्षणरहित रोग्यास औषध नको असतें, त्याला देखरेख हवी असते. "कांहींतरी औषध द्या" म्हणून हट्ट धरणारे नातेवाईक प्रेमानेंच तसें करितात, परंतु त्या प्रेमास ज्ञानाची जोड नसेल तर रोग्याचें अकल्याण होतें.

आतां उरली शेजारधर्माची गोष्ट, आणि खरें म्हणजे ती वैद्यकीइतकीच महत्त्वाची आहे. लक्षणें नसतांना जो इस्पितळांत गेला, त्याला त्या दिवसांत दोन्हींकडून मार बसला. आंत त्याला कोणी रोगी मानीना, व बाहेर त्याच्या घरच्यांस कोणी जवळ करीना. तो घरीं परत आल्यावर नळावर त्याच्या बायकोशीं बोलणें टाळणारे, त्याच्या मुलांस अंगणांतून हांकलणारे लोक कित्येक गांवांत निघाले. याचा परिणाम केवळ दुःखापुरता राहिला नाहीं. शेजारी वाळीत टाकतील या भीतीनें पुढच्या माणसानें तपासणीच करून घेतली नाहीं, आणि सातव्या दिवशीं ओंठ निळे पडल्यावर त्याला गाडींत घातलें. ज्याला आपल्या रोगाची जाणीवच नव्हती, त्याच्याकडून तो दुसऱ्यास लागला तर त्यांत त्याचा अपराध कोणता? त्याच्या दारावर डबा ठेवणारा, फोनवर आज आंकडा किती म्हणून विचारणारा शेजारी ज्याला लाभला, तोच मोकळेपणानें आपला रोग सांगूं शकला. साथींत खरें बोलण्याची सोय करून देणें, ही औषधाइतकीच मोठी सेवा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनें ५ मे २०२३ रोजीं या साथीची जागतिक आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. लसीमुळें व पूर्वीं होऊन गेलेल्या लागणीमुळें आज बहुतेकांस हा रोग सौम्य होतो. तरी विषाणु नाहींसा झालेला नाहीं. अतिवृद्ध, कर्करोगावर उपचार घेणारे, मूत्रपिंडाचे रोगी, यांच्या घरांत वर सांगितलेली सावधगिरी आजहि लागू आहे.

तेव्हां या ज्युबिलीच्या शिदोरींत तीन गोष्टी बांधून न्याव्या अशी आमची विनंति आहे. पहिली, लागण ठरली व लक्षणें नाहींत, तर घाबरूं नये; तरुण व निरोगी माणसांपैकीं बहुतेक तसेच बरे होतात. दुसरी, "आज मी बरा आहें" हें वाक्य आजच्यापुरतेंच खरें समजावें. दहा दिवस मोजावे, त्यांत चौथा ते दहावा विशेष जपावे, आणि म्हाताऱ्या माणसांच्या बाबतींत तर एकहि दिवस सोडूं नये. तिसरी, जो वेगळा राहिला आहे त्याला एकटा पडूं देऊं नये.

त्या दोन वर्षांत आपल्यांतून जीं माणसें गेलीं, त्यांतील कित्येकांस पहिल्या दिवशीं कांहींच होत नव्हतें. त्यांच्या स्मरणानें जागा राहिलेला धर्मग्राम पुढील साथीस अधिक शहाणपणानें तोंड देईल, अशी आशा आम्ही व्यक्त करितों.